खोड सांगून घेतलेला कॅमेरा

दुकानदारानं काचेच्या कपाटावर चार कॅमेरे ओळीनं मांडले आणि आप्पा कमरेत वाकून त्यांचे खूर बघायला लागले.

खूर हा शब्द माझा नाही, आप्पांचा. कॅमेऱ्याच्या बुडाला जी गोल रबरी बैठक असते, ती त्यांनी नखानं खरवडून पाहिली. मग एकेकाला उचलून तळहातावर तोललं. मग कपाटाला वळसा घालून थेट दुकानदाराच्या बाजूला गेले आणि कॅमेऱ्यांकडं मागून बघत उभे राहिले. जनावर समोरून बघायचं नसतं, हा त्यांचा नियम. समोरून सगळीच गरीब दिसतात.

"चालवून दाव," ते म्हणाले.

"आप्पा, हा चालत नाही," मी हळूच सांगितलं. "एका जागी बसून नुसती मान फिरवतो."

"मंग मान फिरवून दाव."

दुकानदारानं मोबाइलवर बोट फिरवलं. कॅमेऱ्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, छताकडं तोंड केलं आणि शेवटी खाली वाकून आप्पांच्या धोतराकडं टक लावली. आप्पांनीही त्याच्याकडं टक लावली. मिनिटभर दोघांपैकी कुणीच हटेना.

"मान हलकी हाय," आप्पा मला म्हणाले. "खोड काय हाय, इचारा."

आप्पा म्हणजे माझे नांदेडचे घरमालक, आणि त्याहून जुना हुद्दा सांगायचा तर बैलांचे दलाल. कंधारच्या बैलबाजारात त्यांनी चाळीस वर्षं काढली. घेणारा आणि विकणारा यांच्या मधोमध उभं राहायचं, उपरण्याखाली त्यांचे हात धरायचे, बोटं दाबून भाव कळवायचा. भोवती पन्नास माणसं डोळे फाडून उभी असतात, पण उपरण्याबाहेर अक्षर जात नाही. मूठ मिटली की सौदा पक्का. पंजा उघडला की नको. आणि दोन बोटं टकटक वाजवली की, वाढव, अजून वाढव.

मी मूळचा लातूरकडचा, मुरुडचा. विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा खोली शोधत आप्पांच्या अंगणात येऊन उभा राहिलो. त्यांनी नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. म्हणाले, "जरा चालून दावा."

मी गणपतीच्या नाटकात तीन वर्षं राजाचं काम केलेला माणूस. अंगणात अशी फेरी मारली की तुळशीनंही वाट दिली असती.

"डावी टाच घासती," आप्पा म्हणाले. "खोड काय?"

"मला? काही नाही."

"मंग खोली न्हाई."

मी पिशवी उचलली, तेवढ्यात आतून भाजी चिरायचा आवाज थांबला आणि एक बाई बोलली, "आवो, बिनखोडीचा हाय म्हनतोय म्हंजे खोटं बोलून राहिलाय. झाली की एक खोड! द्या खोली."

त्या काकू. मला त्या घरात जागा मिळाली ती माझ्या खोटेपणावर, आणि पुढं तिथं होतो तोवर मी त्या गुणाला जागलो.

खोड लपवणाऱ्याकडून आप्पा काडी घ्यायचे नाहीत. गल्लीच्या तोंडाशी नवा डॉक्टर आला तेव्हा हे तपासायच्या टेबलावर आडवे पडून त्याला विचारते झाले, "तुमची खोड काय, सायेब?" डॉक्टर तरुण होता, गांगरून खरं बोलून गेला, "माझा हात जड आहे. इंजेक्शन दुखतं." त्या दिवसापासून आप्पांनी दुसऱ्या डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. इंजेक्शन घेताना ओरडायचे, आणि बाहेर येऊन बाकड्यावरच्या लोकांना सांगायचे, "बघा, खरा मानूस हाय!"

त्यांच्या पडवीत ओळीनं खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला दावं. आप्पांनी स्वतः पोसलेल्या आणि विकलेल्या एकेका बैलाचं ते दावं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, घेणाऱ्यानं आपलं घेऊन यायचं, अशी तिकडची रीत. दावं घरात राहिलं म्हणजे दावण मोडली नाही. आप्पा येता-जाता एखाद्या दाव्यावरून हात फिरवायचे आणि काकू सुरू व्हायच्या, "बैल गेले, पर खुंट्या अडवून बसलेत. माझी एक साडी वाळवायला जागा न्हाई या घरात!"

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मात्र मी कुठंही असलो तरी घरी पळत यायचो, कारण पडवीत प्रयोग असायचा. बैलबाजारात बायका जात नाहीत. काकूंनी चाळीस वर्षांत तो बाजार पाहिलेला नव्हता. म्हणून आप्पा तो घरी आणायचे. घेणारा व्हायचे, विकणारा व्हायचे, पान खाणारा तिसराच एक मध्ये बोलणारा व्हायचे. बैलाचं काम तर इतकं जीव तोडून करायचे की मी नाटक सोडलं त्याचं वाईट वाटेनासं झालं. काकू विळीवर बसून ऐकायच्या आणि मध्येच विळी थांबवायच्या.

"थांबा. तो हसला कवा? भाव कळायच्या आधी का नंतर?"

"आधी."

"मंग फसवलं त्यानं तुमच्या गिऱ्हाइकाला. बैल बसका निघल बघा."

पुढच्या बाजारी कळायचं, बैल जू मानेवर आलं की खाली बसतो. न बघितलेल्या बैलाची खोड काकूंना न बघितलेल्या माणसाच्या हसण्यावरून कळायची. आप्पा मला कोपऱ्यात घेऊन सांगायचे, "बाजारात मी जातो, पर दलाल ही हाय."

मग एका सकाळी चहा गाळता गाळता काकू कोसळल्या. दवाखान्यातून घरी आणल्या तेव्हा उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या होत्या. डोळे तेवढे पूर्वीसारखेच, विळीच्या धारेचे.

आप्पांनी पलंगाशेजारी स्टूल मांडलं, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि त्यावर उपरणं टाकलं.

"आप्पा, इथं कोण बघतंय?" मी म्हणालो.

"सवय हाय ओ."

आणि बाजाराची भाषा घरात आली. पाणी हवं का? मूठ, म्हणजे हो. भात? पंजा, म्हणजे नको. पाठ चोळताना दोन बोटं टकटक, म्हणजे अजून. ज्या बाईनं जन्मभर तोंडानं बाजार जिंकला, ती आता तीन खुणांवर घर चालवायला लागली.

पण आप्पांचा बाजार सुटला. सकाळी एक बाई येऊन काकूंचं आवरून जायची, पण तिच्यावर घर टाकून कंधारला जायला त्यांचं मन होईना. मी रजा काढून बसतो म्हणालो, तर म्हणाले, "तुमी बसाल, पर तुमाला बसल्या जागी डुलकी लागती." हे खरं होतं. बाजाराच्या दिवशी आप्पा सकाळी नेमानं स्वच्छ धोतर नेसायचे, टोपी घालायचे, उपरणं खांद्यावर टाकायचे आणि जाऊन स्टुलावर बसायचे. दिवसभर. संध्याकाळी सांगायला काही नसायचं. काकू भिंतीकडं तोंड करून पडायच्या. असे आठ महिने गेले. समोरासमोर बसून दोघंही वाळत चालली होती आणि मी जिन्यावरून बघत होतो.

म्हणून मीच कॅमेऱ्याची टूम काढली. पलंग मधल्या खोलीत, स्वयंपाकघराचं दार एका बाजूला, पडवीचं दुसऱ्या बाजूला. एका जागी बसून तिन्हीकडं मान फिरवील, बाजारात मोबाइलवर घर दाखवील, शिवाय तिकडचं बोलणं इकडं ऐकवील, असा कॅमेरा. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "दावणीला आणायच्या आधी बघून घेऊ."

तर त्या पहिल्या दुकानात मी मुकाट्यानं विचारलं, "खोड काय आहे याची?"

"सर, झीरो फॉल्ट!" दुकानदार म्हणाला.

तोंडानं नाही तर बोटानं तरी खरं सांगेल म्हणून आप्पांनी रीतीनं उपरणं काढलं, त्याच्या हातावर टाकलं आणि आत त्याची बोटं धरली. भर दुपारी, भर दुकानात, एका अनोळखी म्हाताऱ्यानं रुमालाखाली हात दाबला की काय करायचं असतं, हे त्या माणसाला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो माझ्याकडं बघून गयावया करत म्हणाला, "सर, ह्यांना सोडायला सांगा ना."

दुसऱ्या दुकानात कॅमेऱ्याला "एकदम परफेक्ट" म्हणाले, आम्ही उठलो. तिसऱ्या दुकानात "डोळे झाकून घ्या" म्हणाले. "डोळे झाकून बैल घेतेत का कुनी?" म्हणत आप्पा चप्पल घालून बाहेर.

चौथं दुकान जुन्या बाजारातल्या गल्लीत, एका भाईंचं. एके काळी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, आता कॅमेरे बसवतात. नाकावर चष्मा, कानामागं पेन्सिल. त्यांनी एकच कॅमेरा काढला, पांढरा, गोल डोक्याचा. आप्पा खूर बघत होते तेव्हा भाई हसले नाहीत. उलट म्हणाले, "पाठीमागून बी बघा, आप्पा."

"खोड?"

भाईंनी चष्मा काढून पुसला. "झूट कायको बोलू? मान लई मस्त फिरवतो. आवाज इकडचा तिकडं, तिकडचा इकडं, साफ. पर खोड हाय. जे हलतं त्याच्याच मागं लागतो हा. मांजर गेली, मांजरीच्या मागं. पडदा हलला, पडद्याकडं. जो चुपचाप पडलेला हाय ना, त्याच्याकडं बघतच नाही."

आमच्या घरी बघायचं माणूस नेमकं चुपचाप पडलेलंच होतं. "आप्पा, हा आपल्या कामाचा नाही," मी म्हणालो. "नाहीतर ती सवय मोबाइलवरून बंद करता येते."

"खोड मोडायची नसती," आप्पा म्हणाले. "खोड मोडली की जनावर मोडतं. कळली, बस झालं. आता ह्यो आपला." आणि उपरणं खांद्यावरून उतरलं.

भाईंनी बाही सावरून आपणहून हात पुढं केला. त्यांच्या वडिलांच्या दावणीला कंधारी बैल होते, हे नंतर कळलं. पाच मिनिटं दोन म्हातारे एकमेकांच्या डोळ्यांत बघत गालातल्या गालात हसत राहिले आणि मी मध्ये उभा, मला काडीचं कळलं नाही. मग दोन्ही मुठी मिटल्या.

भाईंनी खोकं बांधायला घेतलं, तर आप्पांनी त्यातली पांढरी वायर बाहेर काढून काचेवर ठेवली. "दावं तुमचं तुमाला. आमी आमचं आनलंय." खिशातून निघाली त्यांच्या जुन्या मोबाइलची काळी, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर.

भाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी भाईंकडं. मग भाईंनी ती पांढरी वायर दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि गल्ल्याशेजारच्या खणात ठेवली. मोठ्या मनाचा माणूस.

घरी कॅमेऱ्याला हळदकुंकू लागलं आणि तो पलंगासमोरच्या भिंतीतल्या देवळीत बसला. काळ्या वायरीवर तो करायचा काय, तर अर्धी मान फिरवायचा, टक् आवाज करायचा, आणि मुंडी खाली घालून मरायचा. मग पुन्हा जिवंत, पुन्हा अर्धी मान, पुन्हा टक्.

"नवी जागा हाय, बुजलंय," आप्पा म्हणाले, आणि दोन दिवस त्याच्याशेजारी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप भाईंकडं गेलो. त्यांनी न विचारता खण उघडला. "मैं बोलाच था, आज येतील."

पांढरी वायर आप्पांपुढं धरून मी सांगितलं, "लातूरला गेलो होतो, तिथून तुमच्यासाठी घेऊन आलो." आप्पांनी ती बोटांत फिरवली, ओढून पाहिली. "मुरुडकरांनी दावं बरं आनलं," म्हणाले. कॅमेऱ्यानं पूर्ण मान फिरवली. आणि भाईंनी सांगितल्याप्रमाणं तो काकूंना ओलांडून पडवीतल्या मांजरीकडं बघत बसला.

बाजाराचा दिवस आला. मी रजा काढली. आप्पा आठ महिन्यांनी कंधारच्या गाडीत बसले, तेही "जातो आन् बघून येतो, कायबी घेनार न्हाई" असं काकूंना चार वेळा सांगून. काकूंनी मूठ मिटली नव्हती, पंजाही उघडला नव्हता. नुसत्या बघत होत्या.

साडेदहाला देवळीतला कॅमेरा खाकरला.

"मालकीण? आवो मालकीण! ऐकू येतंय का? इंजिनेर, मला मांजर कामून दावून राहिलाव?"

मी इंजिनिअर नाही हे तेरा वर्षं सांगत होतो. "आप्पा, मी नाही दाखवत, तोच दाखवतोय! मोबाइलवर बोट फिरवा, उजवीकडं!"

"कोनतं उजवीकडं? आता भिंत दिसून राहिली!"

मी उठून पलंगाकडं हात केला. कॅमेऱ्यानं चटकन मान वळवून मलाच धरलं. मी बाजूला सरलो, तो माझ्यामागं. मी खाली बसलो, तो वाकला. "तुमाला काय बघायचंय मला?" आप्पांचा आवाज चिरका झाला होता. "ती बरी हाय का? खरं सांगा! मी येऊ का माघारी? गाडी हाय साडेअकराची!"

माझ्या 'बरी आहे'वर त्यांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. तेरा वर्षांचा हिशोब होता.

तेवढ्यात पलंगावर काकूंनी गोधडीतून डावा हात काढला आणि वर उचलला. सरळ, उंच, वर्गात मुलं करतात तसा.

कॅमेऱ्यानं मला सोडलं. मान वळवत वळवत तो काकूंवर येऊन थांबला.

काकूंनी हात डावीकडं नेला. कॅमेरा डावीकडं. उजवीकडं नेला. कॅमेरा उजवीकडं. आठ महिन्यांत त्या बाईच्या हाकेला पहिल्यांदाच कुणीतरी न चुकता ओ देत होतं. त्यांच्या चेहऱ्याची हलती बाजू हसली.

मोबाइलमधून आप्पांचा श्वास ऐकू आला. मग ते हळू बोलले, "दिसली. दिसली बरं का. येऊ का घरी?"

काकूंनी हात वर धरला आणि पंजा उघडला. नको.

"नको? मंग काय करू इथं?"

काकूंची दोन बोटं हवेतच टकटक हलली. वाढव.

मला काही उमजेना. आप्पांना क्षणात उमजलं. बोलायचं बटण अंगठ्यानं दाबून धरावं लागतं. अंगठा उचलला की तिकडचा आवाज इकडं बंद. आप्पांनी तो अंगठा दाबला आणि मोबाइल बाजाराकडं धरला. आमच्या मधल्या खोलीत घुंगरं वाजायला लागली. बैल हंबरले. कुणीतरी "सरा, सरा, मारका हाय!" म्हणून ओरडलं. चहावाला, पानवाला, पायांखाली धावणारं कुत्रं, सगळा कंधारचा बाजार पलंगाभोवती येऊन उभा राहिला. आप्पा प्रत्येक दावणीपाशी थांबत सांगत होते, "ह्यो तांबडा, चारदाती. मालक फेटेवाला. हसून राहिलाय बघा." आणि काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच हात वर व्हायचा आणि पंजा उघडायचा, तिकडून आप्पा खदखदून हसायचे, "हाव, मलाबी तसंच वाटलं. लबाड हाय!"

आप्पा संध्याकाळी आले तेव्हा त्यांचा अंगठा सुजलेला होता. काकूंनी तो डाव्या हातानं धरला. उपरणं टाकायचं त्या दिवशी दोघांनाही सुचलं नाही.

त्यानंतर बाजार चुकला नाही. दीड वर्षं काकू कंधारला गेल्या. नजर ठेवायला आणलेल्या जनावराला त्यांनी हाताखाली घेतलं होतं. मी खोलीत शिरलो की हात वर करून त्याला माझ्या अंगावर घालायच्या आणि तिकडं आप्पांना मी लाडू खाताना दिसायचो.

काकू गेल्या त्या वर्षीच माझी मुरुडला जायची वेळ आली. आईचं वय झालं होतं, घरी ती एकटी. मी सामान बांधत होतो तेव्हा आप्पा कॅमेरा घेऊन वर आले. धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला.

"आईसाठी घेऊन जावा. खोड म्हाईतच हाय तुमाला."

मी फडकं उघडलं. वायर नव्हती. वर बघितलं तर ती पांढरी वायर आप्पांनी हातावर वेटोळं करून धरली होती.

"दावं न्हाई देत," ते म्हणाले. "तुमचं तुमी आना."

"आप्पा, पण ते मीच लातूरहून..."

"लातूरहून!" आप्पा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. "भाईच्या खनातलं हाय ते. मला त्याच दिवशी कळलं होतं. मालकीणनं पहिल्याच दिवशी सांगितली होती तुमची खोड. म्हनूनच तर ठिवून घेतलं तुमाला."

ते जिना उतरून पडवीत गेले. एक खुंटी मोकळी होती. ती त्यांनी काकू पडून असतानाच कधीतरी मोकळी केली होती; त्यांच्या साड्या धुऊन तिथं वाळत घालायचे. त्या खुंटीला त्यांनी वायर अडकवली, दोन दाव्यांच्या मधोमध, आणि तिच्यावरून हात फिरवला.